आता काय बंद करू?
(प्रस्तावना)

"साहेब, वांगं बंद केलं, दही बंद केलं, शेंगदाणे बंद केले. तरी लेकरू रातभर खाजवायलंय. आता काय बंद करू?"

मुखेड तालुक्यातून आलेल्या एका आईनं मला हे विचारलं, तेव्हा ते लेकरू शेजारच्या स्टुलावर बसून मांडीवरच्या वहीत बेंझीनची कडी काढत होतं. वय सतरा. उजव्या हातानं लिहायचं, डाव्यानं मानेमागं खाजवायचं, दोन्ही कामं एकाच तालात. नांदेडला श्यामनगरातल्या एका खोलीत आणखी तिघांसोबत राहून तो नीटची तयारी करत होता. मी तपासलं तेव्हा अंगावर काहीच नव्हतं. हे नेहमीचंच. रात्री अंगभर गांधी उठतात आणि दवाखाना उघडेपर्यंत कातडी कोरी होते. पूर्वी आया शपथेवर सांगायच्या, "खोटं नाही सांगत साहेब, रात्री पाठ बघायला पाहिजे होती." आता शपथ लागत नाही. रात्री दोन वाजता काढलेले फोटो मोबाइलमध्ये असतात, कोपऱ्यात अर्धवट दिसणाऱ्या रूममेटच्या पायासकट.

या मुलाला माझ्याआधी तिघांनी पाहिलं होतं. एकानं ॲलर्जी सांगून खाणं बंद केलं. दुसऱ्यानं अंगात उष्णता आहे असं सांगितलं. तिसऱ्यानं पाठीवर थाप मारून सांगितलं, "काही नाही रे, टेन्शननं होतंय." नांदेडच्या माझ्या दवाखान्यात आणि दर गुरुवारी लातूरला बसतो तिथं, मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं निदान हेच. हे पुस्तक या तिसऱ्या उत्तराबद्दल आहे. ते चूक आहे म्हणून नाही. ते बहुतेक वेळा अर्धं बरोबर असतं, आणि अर्धं बरोबर उत्तर मिळालं की पुढं कुणी काही विचारत नाही, ही माझी तक्रार आहे.

मराठीत 'पित्त' या एका शब्दाला किती कामं लावलीत बघा. छातीत जळजळलं, पित्त. डोकं चढलं आणि उलटी झाल्यावर उतरलं, पित्त. राग आला तर पित्त खवळलं. आणि अंगावर लाल, फुगीर, खाजरे चट्टे आले तरी पित्तच उठलं. शिकून नवा नवा परत आलो होतो तेव्हा या गोंधळाचा मला त्रास व्हायचा. पेशंटनं "पित्ताचा त्रास आहे" म्हटलं की ॲसिडिटी, अर्धशिशी की अंगावरचं, हे कळायला पाच मिनिटं जायची. अजूनही जातात. पण आता त्या पाच मिनिटांचा राग येत नाही. पोट, डोकं, राग आणि कातडी ही चार खाती एकाच वहीत मांडायची आपल्या लोकांची सवय वाईट म्हणता येत नाही. हिशेब चुकतो, पण वही बरोबर निवडलेली असते.

जुन्या वैद्यांनी हा आजार बारकाईनं पाहिला होता. माधवनिदानात शीतपित्त, उदर्द आणि कोठ असं त्याचं त्रिकूट येतं, आणि त्या सुजेला उपमा दिली आहे ती वरटीच्या, म्हणजे गांधीलमाशीच्या दंशाची. गांधीलमाशीच्या नावातही मला ती गांध दिसतेच. कारण म्हणून तिथं गार वारा येतो. आमच्या घरी आजी अंगावर उठलं की आमसुलाचं पाणी लावायची, कधी गेरू उगाळायची आणि वरून घोंगडी पांघरायला द्यायची. घोंगडीच्या उपायावर मी बराच विचार केला आहे. ज्याला गार वाऱ्यानं उठतं त्याच्यासाठी तो शहाणपणाचा उपाय. ज्याला घासल्यानं उठतं त्याला मात्र ती जाडीभरडी लोकर म्हणजे शिक्षा. आजीला हा फरक माहीत नव्हता. फरक न विचारता एकच घोंगडी सगळ्यांना पांघरायची ही रीत मात्र आजीबरोबर गेली नाही. आता तिचं नाव 'टेन्शन' आहे.

आता आत काय घडतं ते थोडक्यात. कातडीच्या आतल्या थरात, रक्ताच्या बारीक नळ्या आणि मज्जातंतूंची टोकं यांच्या आसपास मास्ट पेशी नावाच्या पेशी पहारा देत असतात. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञानं 1878 साली आपल्या प्रबंधात त्यांचं वर्णन केलं. दाण्यांनी गच्च भरलेल्या दिसल्या म्हणून त्यांना त्यानं जर्मनमध्ये 'चारून पुष्ट केलेल्या' अशा अर्थाचं नाव दिलं. ते दाणे म्हणजे अन्न, हा त्याचा अंदाज चुकला. नाव मात्र टिकलं. त्या दाण्यांमध्ये हिस्टामिन असतं. ते बाहेर सांडलं की नळ्या रुंदावतात आणि त्यांतून पाझर सुरू होतो, जागा फुगते, तंतू चाळवले जाऊन खाज सुटते. ही झाली गांध. एक गांध सहसा चोवीस तासांच्या आत मावळते आणि दुसरी दुसरीकडे उठते. हा खेळ सहा आठवड्यांच्या आत थांबला तर तात्पुरतं पित्त, सहा आठवडे ओलांडले तर जुनाट. जुनाट पित्ताच्या बऱ्याच पेशंटांमध्ये शरीराचीच संरक्षणयंत्रणा स्वतःच्या मास्ट पेशींना चेतवत असते. काहींना जोडीला थायरॉइडचा विकार असतो. वांग्याचा त्यात बहुधा काहीही दोष नसतो. खाण्यामुळे उठणारं पित्त खाल्ल्यावर मिनिटांत किंवा फार तर तासा-दोन तासांत उठतं, आणि आई ते स्वतःच ओळखते. डॉक्टरनं यादी देण्याची वेळ येत नाही. मी अशी मुलं पाहिली आहेत जी चार महिने मेसमध्ये नुसता दूध-भात खात होती. पित्त तसंच होतं, वजन मात्र सहा किलोनं उतरलं होतं.

काहींच्या कातडीवर लिहिता येतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. बॉलपेनचं टोपण घेऊन हातावर जरा दाबून रेघ ओढायची आणि थांबायचं. आधी लाल रेघ, मग पाच-सात मिनिटांत ती फुगून वर येते, दोरी चिकटवल्यासारखी. अर्ध्या तासात पुसली जाते. उदगीरकडची एक मुलगी लातूरला माझ्यासमोर बसली होती. मी तिच्या हातावर एक रेघ ओढली आणि तिच्या वडिलांशी बोलत राहिलो. वळून बघतो तर तिनं माझ्या टेबलावरचं टोपण घेऊन रेघेखाली 720 लिहिलं होतं. सात, दोन, शून्य, तिन्ही अंक ठसठशीत फुगलेले. नीटचे पैकीच्या पैकी मार्क. "सर, अशी कॉपी केली तर कुणाला कळणार बी नाही," ती म्हणाली आणि हसली. वडील हसले नाहीत. त्यांनी रुमालानं तिचा हात पुसायचा प्रयत्न केला, त्यामुळं ते अंक आणखी वर आले.

मार्कांचा आकडा या गावांत नवा नाही. राजर्षी शाहू महाविद्यालय लातूरला 1970 साली निघालं. प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि त्यांच्यानंतर अनिरुद्ध जाधव यांनी शिकवण्याची, सराव परीक्षांची, जादा तासांची जी घडी बसवली तिला पुढं अख्ख्या महाराष्ट्रानं 'लातूर पॅटर्न' म्हटलं. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत पुण्या-मुंबईच्या बरोबरीनं मराठवाड्याची नावं लागायला लागली, ही इथल्या माणसाच्या दृष्टीनं लहान गोष्ट नव्हती. माझ्या घरातही ती लहान नव्हती. मी स्वतः त्याच घडीतून बाहेर पडलेला आहे आणि तिला नावं ठेवणं माझ्या तोंडी शोभणार नाही. नंतर गुणवत्ता याद्या गेल्या, सीईटी आली, नीट आली, आणि शिकवणी हा नांदेड-लातूरचा व्यवसाय झाला. लातूरच्या शिकवणी भागात संध्याकाळी क्लास सुटतो तेव्हा रस्त्यावर चाळिशीचा माणूस शोधावा लागतो. गावाकडून एसटीनं डबे येतात. आईच्या हातची ज्वारीची भाकरी आणि ठेचा मुलाला रोज मिळतो, आई मात्र दिवाळीला दिसते.

2024 साली नीटला 23 लाखांहून अधिक मुलं बसली होती. त्याच जूनमध्ये पेपरफुटीच्या तपासाची पावलं लातूरपर्यंत आली. परीक्षा पुन्हा होणार की नाही या टांगणीत मुलं आठवडेच्या आठवडे होती. निकाल लागूनही न लागल्यासारखा. एरवी जून हा माझ्या दवाखान्यात पित्त कमी होण्याचा महिना असतो. त्या वर्षी झाला नाही.

म्हणजे टेन्शन खरंच? होय, खरंच. गर्भ तिसऱ्या आठवड्यात असतो तेव्हा जो बाहेरचा थर तयार होतो, त्याच थरातून पुढं मेंदू आणि मज्जासंस्था होते आणि कातडीचा वरचा पापुद्राही. जन्मभर या दोघांचं बोलणं चालू असतं. मन ताणाखाली आलं की मेंदूतून जो संदेश सुटतो त्यानं शेवटी कॉर्टिसॉल वाढतं. पण त्या साखळीतलं पहिलं रसायन ओळखणारे ग्राहक खुद्द मास्ट पेशींवरही असतात. शिवाय मज्जातंतूंची टोकं तिथल्या तिथं काही पदार्थ सोडतात, तेही या पेशींना चाळवतात. आणि एक प्रकार तर थेट घामाशी बांधलेला आहे: पळालं, गरम पाण्यानं अंघोळ केली, तिखट खाल्लं किंवा सरांनी अचानक उभं केलं, की मोहरीच्या दाण्याएवढ्या असंख्य गांधी छातीवर-पाठीवर फुटतात, टोचल्यासारखं होतं आणि अर्ध्या-पाऊण तासात सगळं गायब. नांदेडला मेमध्ये पारा 42-43 अंशांवर असतो, पत्र्याच्या खोलीत पंखा गरम हवा फिरवतो, आणि परीक्षा नेमकी मेच्या पहिल्या रविवारी. इथं ऊन किती आणि काळजी किती हे वेगळं काढायचं कसं? मी काढायचा प्रयत्न सोडून दिला आहे. दोन्हींचा घाम एकच.

परीक्षेचा कातडीवर काय परिणाम होतो हे मोजलेलंही आहे. अमेरिकेत ओहायोमध्ये दंतवैद्यकाच्या अकरा विद्यार्थ्यांनी तोंडातल्या टाळूवर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम करून घेतली. एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत, एकदा परीक्षेच्या तीन दिवस आधी. परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी तीन दिवस जास्त लागले, म्हणजे सुमारे 40 टक्के उशीर. अकरापैकी एकाचीही जखम सुट्टीतल्या वेगानं भरली नाही. हा निष्कर्ष 1998 साली प्रसिद्ध झाला. टाळू म्हणजे कातडी नव्हे हे मान्य, पण मला तो प्रयोग आवडतो तो मुलांच्या हौसेमुळं. परीक्षेच्या तोंडावर टाळूला भोक पाडून घ्यायला आमच्या वर्गातला कुणी तयार झाला नसता. पुढं 2003 साली स्टॅनफर्डच्या बावीस विद्यार्थ्यांच्या मुरमांचा हिशेब आला. परीक्षेच्या दिवसांत मुरमं वाढली होती, झोप आणि खाणंपिणं जमेस धरूनही.

मला जास्त जवळचा वाटतो तो जपानचा अभ्यास, आणि त्याला कारण आहे. 17 जानेवारी 1995 च्या पहाटे कोबे शहर भूकंपानं कोसळलं. तिथल्या त्वचारोगतज्ज्ञांनी नंतर इसबाच्या 1,457 पेशंटांना विचारलं. जिथं मोठी पडझड झाली तिथल्या 38 टक्क्यांचा इसब भडकला होता, थोडी पडझड झालेल्या भागात 34 टक्क्यांचा, आणि जिथं काहीच पडलं नाही तिथं 7 टक्क्यांचा. गंमत म्हणजे मोडलेल्या भागातल्या काही थोड्या लोकांचा इसब उलट कमी झाला. ताण कातडीला एकाच दिशेला ढकलतो असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

हे वाचलं त्या रात्री मला किल्लारी आठवली. अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून लोक झोपले होते आणि 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. दगडमातीच्या भिंती, वर माळवदाचं ओझं. माणसं झोपेतच गाडली गेली. पुढं 52 गावं उठवून दुसरीकडे वसवली. औसा, निलंगा, उमरगा या पट्ट्यातली माणसं अजून काळ मोजतात तो 'भूकंपाच्या आधी' आणि 'भूकंपानंतर' असा. लग्न, शेतवाटणी, बैल घेतला ते साल, सगळं असंच. आणि अंगावरचंही. "कधीपासून आहे?" असं विचारल्यावर "भूकंपापासून" हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलं की पहिल्या दोन वर्षांत मी ते नुसतं साल म्हणून केसपेपरवर उतरवत होतो: 1993. एका म्हाताऱ्या बाईंनी मला थांबवलं. त्या वर्षी नव्हे, त्या पहाटेपासून, असं त्यांना म्हणायचं होतं. मी खोडून पुन्हा लिहिलं.

आता त्या बेंझीनवाल्या मुलाकडे येतो. आईला बाहेर बसवून मी त्याला एक वही करायला सांगितली. मोठं काही नाही: उठलं तो वार, वेळ, आणि त्याआधीच्या चार तासांत काय काय झालं. महिन्यानं तो वही घेऊन आला. अभ्यासू मुलगा, रकाने पाडून आणले होते, खाली टीप सुद्धा. पित्त बहुतेक रविवारी उठत होतं. रविवारी क्लासची चाचणी. झालं तर मग! आई म्हणाली, तिसरे डॉक्टर म्हणत होते तेच. मीही तेच म्हणणार होतो. पण एका रकान्यात रविवारी सकाळी पुन्हा पुन्हा एक शब्द होता: 'डोके'. चाचणीच्या आदल्या रात्री जागरण, सकाळी डोकं ठणकायचं, रूममेटकडून डोकेदुखीची गोळी घ्यायची. आयबुप्रोफेन. जुनाट पित्त असलेल्या अनेकांचं पित्त या जातीच्या वेदनाशामकांनी भडकतं; डायक्लोफेनॅक आणि ॲस्पिरिननंही. गोळी बदलून पॅरासिटामॉल दिली, झोप न आणणारी हिस्टामिनविरोधी गोळी रोज ठरल्या वेळी सुरू केली, आणि रविवारची रात्र बरीच शांत झाली.

यात टेन्शन होतं का? होतंच की. टेन्शननं जागरण, जागरणानं डोकं, डोक्यानं गोळी, गोळीनं गांध. तिसऱ्या डॉक्टरांचं उत्तर बरोबर निघालं, पण ते जिथं थांबले तिथून तीन पायऱ्या खाली. टेन्शन कमी करायला मला त्या मुलाची परीक्षा रद्द करता आली नसती. गोळी बदलता आली.

उलट्या बाजूची गोष्टही सांगायला हवी. टेन्शनच्या नावावर खपलेली खरूज मी शेकड्यांनी पाहिली आहे. एका खोलीत चार गाद्या, एकमेकांचे टॉवेल, रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर बारीक पुटकुळ्या. अशा मुलाला मी पहिला प्रश्न विचारतो तो परीक्षेचा नसतो. "रूममेट खाजवतात का?" हा असतो. टेन्शन सांसर्गिक असतं असं म्हणतात, पण त्याचे किडे बेचक्यांत बिळं करत नाहीत. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी नव्हतं. मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. 12 एप्रिलला पहाटे पहिली गाडी दहा वाघिणींत सुमारे 5 लाख लिटर पाणी घेऊन पोचली, आणि ती बघायला लोक फलाटावर उभे होते. त्या दिवसांत अंगावरचं जे काही यायचं त्यात खरूज, घामोळं, नायटा यांची सरमिसळ असायची. अंघोळ आठवड्यातून एकदा, तीही अर्ध्या बादलीत. त्यांना "ताण घेऊ नका" म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

नायट्यावरून ट्यूब आठवली. मेडिकलमधून विनाचिठ्ठी मिळणारी, स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब हे या भागातल्या कातडीचं मोठं दुखणं आहे. दोन दिवसांत खाज थांबते म्हणून खोलीतली चौघं एकच ट्यूब वापरतात. खाज दबते, बुरशी दबत नाही, ती पसरते, आणि जांघेतली कातडी कागदासारखी पातळ होते. मार्च 2018 मध्ये केंद्र सरकारनं अशी 14 स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असं केलं. कागदावर केलं. मी अजूनही रोज एक तरी पिळून गुंडाळी झालेली ट्यूब बघतो. पेशंट ती खिशातून काढून टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "हिच्यानं कमी यायलंय, पण जात नाही."

'टेन्शननं होतंय' या वाक्याचा आणखी एक उपद्रव आहे, आणि खरं तर त्यासाठी मी लिहायला बसलो. मोठ्या माणसाला हे वाक्य दिलासा वाटतं: म्हणजे काही भयंकर नाही. सतरा वर्षांच्या मुलाला ते आरोप वाटतं: म्हणजे मीच करतोय. एरवी त्याला फक्त फिजिक्सची काळजी होती, आता काळजी करण्याची काळजी लागली. वर्गात हात लाल दिसला की मुलं म्हणतात, "बघा, यानं पेपरच्या आधीच हार मानली." मग ती पूर्ण बाह्यांचे शर्ट घालायला लागतात, मेमध्ये, लातूरला. घाम वाढतो, पित्त वाढतं. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या डॉक्टरांनीही हेच केलं होतं. हाइनरिख क्विंकेनं 1882 साली ओठ-पापण्या सुजणाऱ्या आजाराचं वर्णन केलं, आणि लवकरच त्याच्या नावात 'न्यूरोटिक' हा शब्द चिकटला. तो शब्द निघायला पुष्कळ काळ गेला. आपण 'टेन्शन' हा शब्द केसपेपरवरून काढावा असं माझं म्हणणं नाही. त्याच्यापुढं पूर्णविराम देऊ नये, एवढंच.

आणि आयांच्या मानेकडे बघावं. मुलाला तपासताना शेजारी उभ्या बाईचा पदर सरकतो आणि मानेच्या मागं, केसांच्या रेषेखाली, तळहाताएवढा काळपट, जाड, चामड्यासारखा झालेला भाग दिसतो. वर्षानुवर्षं एकाच जागी खाजवून झालेला. विचारलं की म्हणतात, "माझं राहू द्या, ह्याचं बघा." सोयाबीनला भाव नाही, क्लासची फी दोन हप्त्यांत भरायची आहे, धाकटीचं लग्न थांबलंय. यातलं काही त्या बोलत नाहीत. बोलता बोलता हात मागं जातो. घरातलं टेन्शन कुणाच्या अंगावर उठतं हे बघायचं तर नुसत्या विद्यार्थ्याची कातडी बघून चालत नाही. पुस्तकातलं सगळ्यात मोठं प्रकरण या मानेवरच्या डागाचं झालं आहे. प्रकाशकांना ते लांबलेलं वाटलं. त्यांना पुस्तकाचं नाव 'टेन्शन सोडा, त्वचा उजळवा' असं हवं होतं. आमचं त्यावर दोन महिने बोलणं बंद होतं. त्या दोन महिन्यांत मला उजव्या पोटरीवर खाज सुटली होती, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

हे पुस्तक वाचून कुणी स्वतःवर औषध करू नये. ओठ, जीभ किंवा घसा सुजला, आवाज घोगरा झाला, श्वास लागला, भोवळ आली, तर पानं उलटत बसू नका. जवळचा मोठा दवाखाना गाठा, तिथं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन वेळेत लागलं पाहिजे. एकच गांध चोवीस तासांहून जास्त टिकली, खाजेपेक्षा दुखली, किंवा जाताना निळसर डाग मागं ठेवून गेली, तर ते साधं पित्त नाही. तुकडा काढून तपासावा लागतो. बाकीच्यांसाठी औषधं पुष्कळ आहेत. झोप न आणणाऱ्या गोळ्यांचा डोस गरज पडली तर चौपटीपर्यंत वाढवता येतो, पण डॉक्टरच्या हिशेबानं. जुन्या, गुंगी आणणाऱ्या गोळीवर रात्र निघते आणि सकाळच्या तासाला मूल पेंगतं. मग सरांची बोलणी, मग आणखी पित्त. गोळ्यांनीही न आटोपणाऱ्यांसाठी महिन्याला घ्यायचं इंजेक्शन आहे, ते महाग आहे. सविस्तर पुढं येईलच.

शेवटी त्या उदगीरकडच्या मुलीबद्दल. परीक्षेच्या दहा दिवस आधी ती पुन्हा आली. नीटच्या नियमात अर्ध्या बाह्यांचा, साधा कपडा घालावा लागतो. दारावर तपासणी होते. तिला वाटत होतं, तपासणाऱ्या बाईचा हात किंवा यंत्र घासलं की दंडावर रेघा उठणार आणि त्यांना वाटणार हिनं काहीतरी लिहून आणलंय. कॉपीचा विनोद तिनंच केला होता, आणि तोच आता तिच्या मागं लागला होता. मी गोळीची वेळ बदलून दिली आणि लेटरहेडवर निळ्या शाईच्या पेननं चिठ्ठी लिहिली: या विद्यार्थिनीच्या कातडीला थोडं घासलं तरी उठाव येतात, ते अर्ध्या तासात जातात, ते लिखाण नव्हे. खाली सही, शिक्का.

ती चिठ्ठी आत गेलीच नाही. आत न्यायच्या वस्तूंच्या यादीत ती बसत नव्हती. दारावर ती वडिलांच्या हातात आली. हाताला काही उठलं की नाही हे मुलीनं पाहिलं नाही, ती धावत आत गेली. दोन ते पाच, वडील रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली उभे होते. पुढच्या गुरुवारी मिठाई घेऊन आले, निकालाला अजून अवकाश होता तरी. "चिठ्ठी जपून ठेवलीय," म्हणाले आणि शर्टाच्या खिशातून काढून माझ्यासमोर उलगडली. घामानं शाई पसरली होती. शिक्का तेवढा वाचता येत होता. "आठ-दहा वेळा वाचली असंल," ते म्हणाले. "दुसरं काय होतं हातात."